दोन फळ्यांची डोंगी

बायकोच्या तेरवीला माझी मोठी पोरगी पाहुण्या बायांना सांगत होती, "आई पाण्याले लय भ्यायची. आमच्या घरी जर्मलची डोंगी होती, पण आई कधी बसली नाई तिच्यात. काठावरून पाह्यची नुसती." बाया माना हलवत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं.

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला तेवढंच माहीत आहे. पण ते खरं नाही, अन् ते खरं नाही हे सांगणारा मी एकटाच उरलो. म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, अन् चौथीच्या परीक्षेला मी बसलो नव्हतो. वळण लावून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

माझी बायको पाण्याला भीत नव्हती. तिचा बाप नदीवर डोंगा चालवायचा. वर्धा नदीच्या पल्याडचे लोक देवळीच्या बाजाराला यायचे ते त्याच्या डोंग्यातून. त्याला पोरगा नव्हता, ही एकच पोरगी. आठव्या वर्षापासून तिच्या हातात बांबू होता. पाणी कुठं खोल, कुठं खडक, कुठं मरळ बसते अन् कुठं वाम, हे तिला आपल्या घरातल्या डब्यांसारखं माहीत होतं. गळ टाकून ती अशी बसायची की बगळा लाजेल, असं तिचा बाप मला सांगायचा. लग्न होऊन ती पुलगावला आली अन् हे सगळं बंद झालं. आम्ही जातीनं धीवर, पण माझा बापच मिलमध्ये लागला, मग दादा लागला, मग मी. आमच्या घरात जाळं नव्हतं. मासा आम्ही बाजारातून विकत आणायचो, त्यावरून जातीतले लोक हसायचे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बाप गेला तेव्हा मी सात वर्षांचा, दादा एकोणीसचा. त्यानं मला वाढवलं. त्याची बायको बाळंतपणात गेली, पोरही गेलं. त्यानं दुसरी केली नाही. आमच्याच घरी राह्यचा, म्हणजे घर त्याचंच, आम्ही त्याच्याकडे राह्यचो. माझ्या दोन्ही पोरींवर त्याचा जीव होता. पोरी त्याला मोठेबाबा म्हणायच्या.

आता आमच्यातली रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ तो बाईचा भासरा. भासऱ्यानं अन् लहान भावाच्या बायकोनं एकमेकांना शिवायचं नाही. एका खाटेवर, एका सतरंजीवर बसायचं नाही. ती त्याच्याशी सरळ बोलत नाही, तो तिच्याशी बोलत नाही. काही सांगायचं तर पोरांच्या तोंडून. दादा घरात शिरताना दारातच खाकरायचा, मग ती पदर ओढून आत जायची. त्याचं ताट ती पाटासमोर ठेवून मागं सरकायची, मग तो पाटावर बसायचा. डोंगी आली तोवर अकरा वर्षं एका छपराखाली राहून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. अन् दोघांच्या मनात एकमेकांबद्दल वाकडं काही नव्हतं. तिच्या हातच्या भाकरीशिवाय दादाला जेवण जात नव्हतं, अन् दादाला ताप आला तर ती दारामागं उभी राहून रडायची. पण रीत ती रीत.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लढाईत वापरलेला माल त्या काळात लिलावात निघायचा. स्टेशनच्या बाजूला एक कबाडी होता, तो असा माल आणायचा. तंबूचं कापड, पत्र्याच्या पेट्या, बूट. एके दिवशी दादा मिलमधून आला तो पोरींना म्हणाला, "कबाड्याच्या इथं दोन डोंग्या आल्या. जर्मलच्या." अॅल्युमिनियमला आम्ही जर्मल म्हणायचो, भाताचे गंज, म्हणजे पातेली, त्याची असतात तेच. पोरींना वाटलं खेळणं असेल. दादा म्हणाला, "खेळणं नाई वो माय. खरीखुरी. तुमाले बसवून नेतो सुट्टीच्या दिवशी. मासोळ्याई पकडू." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "धीवराच्या घरात डोंगी नाई, लोकं हासते."

दादानं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही घेतलं नव्हतं. त्याचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता.

त्या दिवशी बायकोनं वरणात मीठ दोनदा टाकलं. मला समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर स्वयंपाकघरात तीन पाट एकामागं एक मांडलेले. धाकटी पोरगी मधल्या पाटावर बसून हात वल्ह्यासारखे हलवत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"डोंगी हाये," बायको म्हणाली. ती हसत होती. लग्नानंतर इतकी हसताना मी तिला फार वेळा पाह्यलं नाही. "आयका. समोरच्या फळीवर पोरींचे मोठेबाबा. मधल्या फळीवर पोरी. मागच्या फळीवर तुमी अन् मी. वल्हं माया हातात. तुमच्या हातात देऊन काय करता, तुमी गोल गोल फिरवसान."

"अन् चालते काय तसं?"

"मी विचारून आली." आमच्या गल्लीत एक म्हातारी आत्या होती, कोणाचीही आत्या नव्हती पण सगळे आत्या म्हणायचे. लग्न, सुतक, सोयर, कशाचंही तिला विचारायचे. "आत्या म्हणे, फळी वेगळी तर खाट वेगळी. पण मधात एक फळी पाह्यजे अन् तिच्यावर माणूस बसेल पाह्यजे. लेकरू असलं तरी चालते. दोन फळ्या असल्या तर नाई. म्हणून तुमाले सांगून राह्यली. तीन फळ्यांची घ्या. बाकी कशी का असंना. फुटकी असली तरी मी डांबर लावून बंद करीन."

मी हो म्हटलं.

"इसरू नका."

"नाई इसरत."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, तेवढं तरी म्हणता आलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी अन् दादा कबाड्याकडे गेलो. दोन्ही डोंग्या आवारात पालथ्या पडल्या होत्या. एक लांब, बारा-तेरा हातांची, पोचे आलेली, हिरवा रंग अर्धा निघालेला. दुसरी सात-आठ हातांची, चकचकीत, नवीन गंजासारखी. कबाड्यानं दोन्ही उलटवल्या. लांब डोंगीत तीन फळ्या होत्या. लहानीत दोन. मी पहिलं तेच पाह्यलं.

दादानं दोन्हींवर बोटाची गाठ मारून पाह्यली, मडकं घेताना मारतात तशी. कबाडी म्हणाला, "देख लो भाऊ, विमानाचा पत्रा है. तुमचे नातू बसतील."

"मायाजवळ पोरगंच नाई, नातू कुठून आणशीन तू," दादा म्हणाला. "पाणी टाक."

डोंगी गळते की नाही हे पाण्यात टाकून पाहायला नदी जवळ नव्हती, म्हणून दादानं उलटी युक्ती केली. डोंगीतच पाणी भरायला लावलं अन् खालून विटा दिल्या. आत पाणी राहिलं तर बाहेरचं आत येणार नाही. आम्ही विहिरीवरून बादल्या आणल्या. लहानी कोरडी राहिली, खाली एक थेंब नाही. लांब डोंगीच्या बुडाला पत्रा जोडणाऱ्या तीन रिबिटांतून पाणी झिरपायला लागलं. फार नाही. उन्हात जमीन भिजली तेवढं.

दादा माझ्याकडे वळला. "काय म्हणतं?"

मी म्हटलं, "लांब असली तर बरं असते काय?"

"बरं तर असते. पण पाह्य." तो दोन बोटं मोजून दाखवायला लागला. "गळते. दुसरं म्हणजे हे उचलाले चार माणसं पाह्यजे. घाटावर ठेवली तर राह्यते काय? रात्रीतून पत्रा कापून नेतीन. रोज घरी आणा लागते. चार माणसं कुठून आणशीन?"

दादाचं प्रत्येक बोलणं बरोबर होतं. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, मधली फळी. ती सांगायची तर असं सांगावं लागलं असतं, दादा, तुमी समोर बससान म्हणून तिला मधात फळी पाह्यजे. म्हणजे तुमच्यामुळं. अन् तिचं नाव काढावं लागलं असतं. आमच्या काळी मोठ्या भावासमोर आपल्या बायकोचा विषय कोणी काढत नव्हतं. तिला ताप असला तरी मी म्हणायचो, पोरीच्या मायची तब्येत बरी नाई, तेही मान खाली घालून. बायकोला नदीत फिरायचं आहे हे दादाला तोंडावर सांगायचं, कबाड्यासमोर, ते माझ्या जिभेवर येईना.

दादानं परत विचारलं. "अबे बोल ना. डोंगी काय एकट्या मायासाठी घेऊन राह्यलो? तुले कोणती वाटते?"

दोनदा विचारलं त्यानं. हे मी मुद्दाम लिहितो. त्याच्यावर दोष येऊ नये.

मी म्हटलं, "तुमी म्हणसान ते."

लहान डोंगी आम्ही दोघांनी पालथी करून डोक्यावर घेतली अन् गावातून निघालो. आत आमची डोकी, बाहेर फक्त पाय दिसायचे. रस्त्यावरचे लोक चालू झाले. "एवढ्या मोठ्या गंजात कोणाचं वरण शिजवता बे?" "धीवरायले डोंगी भेटली, आता मासोळ्यायनं गाव सोडलं पाह्यजे." दादा आतून मोठ्यानं हसायचा, त्याचं हसणं पत्र्यात घुमायचं. मी त्याच्या मागं चालत होतो. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त दादाच्या टाचा.

अंगणात डोंगी उतरवली. पोरी नाचायला लागल्या. बायको पदर ओढून आरती घेऊन आली, दादा बाजूला सरकला. तिनं डोंगीला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. मग तिनं एकदा आत वाकून पाह्यलं. एक, दोन. तिच्या मानेवरून मला समजलं ती मोजते आहे. मग ती सरळ झाली अन् पोरींच्या हातावर साखर ठेवली, दादासाठी वेगळी साखर पोरीच्या हातानं दिली.

आत गेल्यावर म्हणाली, "दोनच फळ्या हायेत."

"हो."

"दुसरीले तीन होत्या काय?"

"होत्या."

"बरं," ती म्हणाली अन् तवा ठेवला.

ती भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिनं विचारलंच नाही, का म्हणून.

त्यानंतर दर सुट्टीला आम्ही नदीवर. समोरच्या फळीवर दादा, मागं मी, पोरी कधी त्याच्याजवळ कधी माझ्याजवळ. ती घाटावर कपडे घेऊन यायची. कपडे धुऊन व्हायचे, वाळायचे, ती बसून राहायची. डोंगी गोल फिरली, अन् ती माझ्या हातात गोलच फिरायची, की तिचे दोन्ही हात मांडीवर आपोआप हलायचे. वल्हं कसं मारायचं ते तिचे हात करून राह्यले होते.

दादाला पहिल्याच महिन्यात प्रश्न पडला. काठाला लागल्यावर त्यानं मोठीला विचारलं, "तुयी माय काऊन नाई येत वो?"

मोठी धावत गेली अन् धावत आली. "आई म्हणते, कपडे धुवाचे हायेत."

"कपडे तर वाळले." दादा थोडा विचार करून म्हणाला, "भेव वाटत असन. म्हण, भेव नाई. डोंगी पक्की आहे. मी स्वतः पाणी भरून पाह्यली."

पोरगी परत धावत गेली. बायकोनं काय ऐकलं, काय सांगितलं, मला ऐकू आलं नाही. पोरगी आली अन् म्हणाली, "हो म्हणते. भेव वाटते म्हणते."

तिथून ते सुरू झालं. तिनं दादाला वाईट वाटू नये म्हणून ते घेतलं, अन् मी ते राहू दिलं. आई पाण्याला भिते. मग दादाच सगळ्यांना सांगायचा, कौतुकानं, की बाप डोंगेवाला अन् पोरगी पाण्याला भिते, पाहा कशी गंमत. तिचा बाप एकदा घरी आला होता, त्याच्यासमोरही दादा हे बोलला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाह्यलं. मी पानाला चुना लावत बसलो.

मासे दादाला लागत नव्हते. तो गळ टाकायचा अन् बोलायचा, विडी पेटवायचा, पोरींना गोष्टी सांगायचा. एखादा मुरी मासा लागला तरी सण. घरी आल्यावर चुलीसमोर ती मला सांगायची, "पल्याडच्या काठाले जांभूळ वाकलं हाये ना, त्याच्या सावलीत टाका. कणीक नोको, गांडूळ लावा. अन् डोंगी बांधून ठेवा, हालवू नका." पुढच्या सुट्टीला मी ते माझं म्हणून दादाला सांगितलं. तासाभरात हातभर मरळ लागली. दादा उभाच राहिला डोंगीत, पोरी ओरडल्या, मी म्हटलं बसा बसा. दादा म्हणाला, "तुले जात आठवली बे आता. रक्तात असते ते." घाटावर येईपर्यंत तो माझी तारीफ करत होता. ती काठावर उभी होती, पदराआडून मरळीकडे पाहत होती. घरी तिनं ती मरळ रांधली. दादा जेवताना मोठीला म्हणाला, "तुया बापानं आणली बरं."

मी काही केलं नाही असं नाही. मिलमधल्या सुताराकडून एक फळी कापून आणली अन् डोंगीच्या मधोमध ठोकून बसवली. दादा म्हणाला, "हे काय लावलं?" मी म्हटलं, "पोरींसाठी. पाय टेकाले." पाण्यात गेलो तर गुडघे गुडघ्यांना लागायला लागले, दाटीनं डोंगी कलून पाणी तिच्या कडेशी आलं. पोरी त्या फळीवर बसल्या की दादाच्या पाठीला चिकटायच्या. एकदा पाणी आत आलं, तेव्हा दादानं ती फळी तिथंच उचकटून नदीत सोडून दिली. म्हणाला, "धाकटी पडली असती. डोकं आहे काय तुले?" फळी वाहत गेली. घाटावरून तीही पाहत होती.

एकदा मी तिला म्हटलं, "दादा बाजारात गेला की आपण दोघं जाऊ. अर्धा तास."

"चोरून?" ती म्हणाली. "घरच्या डोंगीत मी चोरून काऊन बसू?"

दादा, तुमी एक फेरी काठावर थांबा, हे म्हणायला माझं तोंड कबाड्याच्या आवारात उघडलं नाही ते इथं काय उघडणार होतं. दिवस जातात तशी अशी गोष्ट बोलायला सोपी होत नाही. आणखी जड होते. आधीच का नाही बोललास, हा प्रश्न त्या गोष्टीवर चढत जातो.

दीड वर्ष असं गेलं. मग एका सुट्टीला ती म्हातारी आत्या घाटावर अंघोळीला आली होती. आम्ही नुकतेच डोंगीत बसलो होतो. दादा नेहमीसारखा मोठीला म्हणाला, "मायले विचार, आज तरी भेव गेलं काय." आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "काय भेव भेव लावलं रे? डोंगेवाल्याची पोर ते. तू बसला तर ते कशी बसन? एका खाटेवर बसवतं काय भावसुनेले? मायाजवळ आली होती बिचारी, तीन फळ्याची घेतली तर चालते काय म्हणून. तुमी दोघं गेले अन् दोनाची घेऊन आले. बयताड."

घाटावर सात-आठ बाया होत्या. कोणी धुणं आपटलं नाही.

दादानं माझ्याकडे पाह्यलं. रागानं नाही. राग असता तर मी सहन केला असता. त्याला कबाड्याचं आवार आठवलं असेल, मला तसं वाटलं, कारण तो हळूच म्हणाला, "मी तुले दोनदा इचारलं होतं."

मी वल्हं धरून बसलो.

तो उभा राहिला, धोतर वर घेतलं अन् पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत पाणी होतं. मोठीला म्हणाला, "मायले म्हण बस. मी जातो तिकडं." अन् तो काठावर चढून बराच दूर गेला, वडाच्या पलीकडं, अन् नदीकडे पाठ करून बसला. तिला मोकळं वाटावं म्हणून पाठ केली. ती पाठ मला अजून दिसते. मिलच्या धुळीनं भरलेली बंडी, मान थोडी वाकलेली.

मोठी अजून लहान होती, आत्याचं बोलणं तिला समजलं नव्हतं; ती आईजवळ गेली. "आई, मोठेबाबा म्हणते, बस."

ती हलली नाही.

मी डोंगी अगदी काठाला लावली अन् म्हटलं, "चाल. ते स्वतः उतरले."

ती माझ्याजवळ आली, डोंगीच्या कडेला हात ठेवला. त्या पूजेनंतर पहिल्यांदा हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याईले उतरवून मी बसू? सगळ्या घाटासमोर?"

"मग काय करू मी?"

"आता काय करता," ती म्हणाली. तिनं हात काढला, बादली उचलली अन् घराकडे निघाली. तिकडं दादा पाठ करून बसलेला, त्याला वाटत होतं ती डोंगीत बसली. इकडं ती घराच्या वाटेनं चाललेली. मधात मी, हातात दोरी, अन् पोरी रडून राह्यल्या की डोंगी चालवा. कोणाकडे जावं ते मला समजेना. मी तिथंच उभा राहिलो. आत्या अंघोळ करून निघून गेली. उन्हं उतरायला लागली तेव्हा दादा वळला अन् आम्हाला तसंच उभं पाह्यलं.

त्यानंतर दादा डोंगीत बसला नाही. म्हणायचा, कंबर दुखते. तिला मोठीच्या तोंडून सांगायचा, "मायले म्हण, डोंगी रिकामी आहे." ती सांगायची, "म्हण, मले येळ नाई." तो तिच्यासाठी सोडून बसला, ती त्याच्यासाठी. मी पोरींना घेऊन तीन-चार वेळा गेलो. गोल फिरवून आणलं. पोरींनाही मोठेबाबांशिवाय मजा वाटेना. मग डोंगी अंगणात पालथी पडली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. उन्हाळ्यात तिच्यावर पापड वाळवायचे. पुढच्या उन्हाळ्यात मी दुपारपाळीवर असताना दादानं ती पल्याडच्या धीवरांना देऊन टाकली. फुकट. घरी आलो तर अंगणात तिच्या आकाराची पांढरी जमीन होती. दहा-बारा वर्षांनी दादा गेला. शेवटपर्यंत दारात खाकरूनच घरात आला.

तो गेल्यावर आड येणारं कोणी नव्हतं. मी तिला म्हटलंही, चाल, कोणाच्याही डोंगीत बसून येऊ. ती म्हणाली, "आता काय शोभते काय?" अन् मग तिचे गुडघे गेले.

मागच्या पावसाळ्यात तिला वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पोरी आळीपाळीनं यायच्या, दुपारी मी. ती जास्त बोलत नव्हती. एका दुपारी डोळे उघडे होते, बरी वाटत होती. साठ वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"त्या दिवशी कबाड्याच्या इथं मी बोललो असतो, तर दादानं आयकलं असतं काय?"

मला वाटलं होतं ती थोडा विचार करेल. तिनं लगेच सांगितलं.

"आयकलं असतं. चार माणसं लावून आणली असती. तुमचं कोणतं नाई आयकलं त्याईनं?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. नळाचं पाणी आलं काय असं विचारल्यावर सांगावं, तसं.

मी मुद्दाम विचारलं होतं. ती नाही म्हणेल, नाई आयकलं असतं म्हणेल, एवढ्यासाठीच विचारलं होतं. मरणाच्या दारात माणूस तेवढं खोटं बोलतो. ती बोलली नाही. मग तिनं पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, अर्धं गालावरून सांडलं. माझा हात गोल गोल फिरत होता. तिनं माझं मनगट धरलं अन् चमचा स्वतः तोंडाशी नेला.